डब्ब्याची खिडकी

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. कानाला साबण लागू नये म्हणून मान तिरकी करून फोन धरला, आणि भाऊजी काही बोलायच्या आधीच मला कळलं, की पलीकडच्या आवाजात काहीतरी कमी आहे. गेले कित्येक महिने शकूताईच्या घरून फोन आला, की बोलणाऱ्याच्या मागे ऑक्सिजनच्या मशीनची घरघर ऐकू यायची. ताईच्या नाकाला नळीनं जोडलेली ती मशीन कधीच बंद नसायची. आम्हाला तिची इतकी सवय झाली होती, की फोनवर आम्ही आपसूकच थोडं मोठ्यानं बोलायला लागलो होतो. त्या सकाळी घरघर नव्हती. "वसंता, मशीन बंद केली गा मी," भाऊजी म्हणाले. दोघंही फोन कानाला लावून तसेच उभे राहिलो... शेवटी बायकोनं येऊन माझ्या हातातून फोन काढून घेतला.

नागपुरातच मानेवाड्याहून ताईच्या नंदनवनातल्या घरापर्यंत रिक्षात मी काय विचार करत होतो, ते आता आठवत नाही. एवढं आठवतं, की घराच्या फाटकातून आत शिरताना मी आधी डावीकडे, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर उभ्या असलेल्या, चाकांवरच्या डब्ब्याकडे पाहिलं. डब्ब्याची खिडकी बंद होती. ती उघडणार नव्हतीच, हे मला ठाऊक होतं. तरी पाहिलं आणि मग घरात गेलो.

शकुंतला ही माझी थोरली बहीण. घरात शकूताई, आणि पुढे पोस्टातही शकूताईच. पारशिवनीजवळच्या आमच्या गावातून शिकून बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. माझं नाक पुसण्यापासून माझं लग्न जमवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं, आणि या सगळ्याबद्दल वेळोवेळी ऐकवलंही. नोकरीतली सगळी वर्षं ती पोस्टाच्या काउंटरवर बसली. जाळीच्या खिडकीतून तिकिटं, मनिऑर्डरी, पासबुकं आत-बाहेर करत राहिली. शेवटची वर्षं मौद्याला होती, कारण देवराव भाऊजी तिथल्या वीज केंद्रात देखभालीच्या कामावर होते. तिच्या निरोपाच्या कार्यक्रमात तिला बोलायचा आग्रह झाला, तेव्हा ती म्हणाली, की आजवर मी खिडकीत बसून राहिले आणि जग माझ्यासमोर रांगेत उभं राहिलं. आता मी खिडकी घेऊन जगाकडे जाणार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या, आणि समारंभातलं वाक्य म्हणून विसरून गेलो. ती विसरली नव्हती.

भाऊजींबद्दलही इथेच सांगायला हवं. त्यांच्या कामाचं एका शब्दात वर्णन करायचं तर गळती. वाफेच्या, पाण्याच्या, तेलाच्या नळांतून कुठे काय गळतंय ते शोधायचं आणि बंद करायचं. साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे, कान लावून ऐकायचं, पुन्हा पाहायचं. निवृत्त झाल्यावरही त्यांची ही खोड गेली नाही. आमच्याकडे जेवायला आले तर हात धुताना नळ ठिबकतोय का ते आधी बघायचे, आणि ठिबकत असला तर जेवण थंड होईपर्यंत बाहेर यायचे नाहीत. मला हातातलं काहीच येत नाही. बल्ब बदलायचा तरी बायको स्टूल धरून उभी राहते आणि मी पडणारच अशा नजरेनं वर बघत असते. त्यामुळे भाऊजींच्या कुठल्याही कामात माझी नेमणूक एकच, मोजपट्टीचं दुसरं टोक धरण्याची. ते काम मी निष्ठेनं केलं.

मौद्याच्या पुढे रस्त्याच्या कामासाठी एक मोठा कॅम्प होता. काम संपल्यावर तो उठला आणि तिथलं सामान विकायला निघालं. त्यात परदेशातून आणलेली, चाकांवरची एक घरगाडी होती. कोण्या साहेबाच्या राहण्यासाठी मागवलेली. आत दोघांना झोपण्यापुरती जागा, बोटभर ओटा, भिंतीत मिटणारं टेबल. स्वतःचं इंजिन नाही. जीपच्या मागे अडकवायची आणि न्यायची. तिच्या एका बाजूला एकच मोठी खिडकी होती. काचेची नव्हे, दोन पदरी जाड प्लास्टिकची, किंचित बाहेर फुगलेली. वरच्या कडेला बिजागरी. आतून ढकललं की ती छपरासारखी वर उघडायची आणि दोन दांड्यांवर तोलून उभी राहायची. ताईनं आत जाऊन ओटा पाहिला नाही, चाकं पाहिली नाहीत. तिनं खिडकी ढकलली, कडेवर कोपर टेकलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या भाऊजींना सांगितलं, की हेच घ्यायचं. मोहल्ल्यात गाडी आली त्या दिवशी लोक पाहायला जमले. घरगाडी वगैरे म्हणायला कोणाची जीभ वळेना. ती आली त्या दिवसापासून डब्बाच झाली.

डब्बा कुठे जाण्याआधीच ताईनं तो वापरायला काढला. घर पाच पावलांवर, पण दुपारचं जेवण झालं की ती डब्ब्यात जाऊन बसायची. खिडकीखाली कडुनिंबाच्या सावलीत एक बाज टाकलेली असायची, तिच्यावर भाऊजी, आणि आलो असलो तर मी. आतून स्टोव्हचा आवाज यायचा, मग खिडकीतून ताईचा हात बाहेर यायचा. हातात कप, कपावर बशी पालथी घातलेली, कारण वरून निंबाचा पाला पडायचा. पहिला कप पाहुण्याचा, म्हणजे माझा. दुसरा भाऊजींचा. कप हातात दिला की ती पोस्टातल्यासारखी म्हणायची, "चला, पुढचे." मागे कोणीच उभं नसायचं. तरी आम्ही निमूट बाजूला सरकायचो.

पहिल्या उन्हाळ्यातच खिडकी तुटली. त्याचं कारण इतकं नागपुरी आहे, की दुसऱ्या गावच्या माणसाला सांगायला संकोच वाटतो. एप्रिलमध्ये डब्बा तापायला लागला. होळी झाली की खिडकी दिसेल तिथे कूलर बसवायचा, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं. भाऊजींनी लोखंडी स्टँड केला, डब्ब्याच्या भिंतीला आवळला आणि घरातला एक मोठा कूलर त्या खिडकीत बसवला. वर उघडलेली खिडकी कूलरला छत म्हणून आयतीच झाली. वाळ्याच्या ताट्या भिजल्या, पंखा फिरला, डब्बा असा गार झाला की ताई आत पांघरूण घेऊन झोपली. ती तेव्हा म्हणायची, की नागपूरचा माणूस स्वर्गात गेला तरी आधी कूलर कुठे लावायचा ते पाहील. पण आपल्या घरांच्या भिंती विटांच्या असतात, डब्ब्याची भिंत होती पत्र्याची आणि पातळ फळीची. पाण्यानं भरलेला कूलर दिवसभर थरथरायचा आणि त्याच्यासोबत सगळी भिंत थरथरायची. मे महिन्यात एका दुपारी वादळ उठलं. स्टँड सरकला, कूलर खाली आला, आणि जाताना खिडकी बिजागरीसकट ओढून घेऊन गेला. आम्ही धावत गेलो तेव्हा ती बाजेवर दोन तुकडे होऊन पडली होती. ताई पोट धरून हसली. हसता हसता तिला खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. आम्हाला वाटलं, धूळ गेली असेल.

धूळ नव्हती. पावसाळ्यात तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं, की तिची फुफ्फुसं कडक होत चालली आहेत. याला दुरुस्ती नाही. वेग थोडा कमी करता आला तर करू. भाऊजींनी त्यांना विचारलं, की हवा नेमकी कुठून गळते. डॉक्टर समजूतदार होते. ते म्हणाले, गळत नाही काका, हवा आत जायलाच जागा राहिली नाही. भाऊजींचं सगळं आयुष्य बाहेर जाणारं अडवण्यात गेलं होतं. जे आतच येत नाही त्याचं काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. घरी परत येताना ते गाडीत एकच वाक्य बोलले. "पावसात डब्ब्याची भिंत सडून राहिली, खिडकी बसवा लागते." मी लगेच हो म्हणालो. आजाराचं आमच्यापैकी कोणालाही काही करता येत नव्हतं, म्हणून आम्ही खिडकीच्या मागे लागलो. हे तेव्हाही मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

ताईनं मात्र खिडकीला एक मुदत घालून दिली. आमच्या गावच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं एक जुनं झाड आहे. शेत आता चुलतभाऊ करतो. लहानपणी मार्चमध्ये पहाटे मोह गळायला लागला, फुलांचा सडा पडायला लागला, की ताई मला कडेवर घेऊन तिथे जायची. मी तिच्या कडेवर झोपलेलाच असायचो, त्यामुळे मला यातलं काही आठवत नाही. पण तिनं इतक्या वेळा सांगितलंय, की आठवतंय असंच वाटतं. तिचं म्हणणं, की या मार्चमध्ये डब्बा मोहाखाली लावायचा आणि दोन दिवस आत पडून राहायचं. बस्स, एवढंच. तोवर तिच्या नाकाला नळी लागली होती. घरभर लांब नळी ओढत ती फिरायची आणि दाराच्या कोपऱ्यात अडकली की स्वतःलाच रागावायची. डॉक्टरांनी जायची परवानगी दिली ती नाइलाजानंच. सोबत सिलेंडर न्या, धूळ लागू देऊ नका, गार वारा लागू देऊ नका, आणि लवकर परत या.

मग त्या खिडकीनं आमच्या नाकी नऊ आणले. भाऊजी आधी गाड्यांच्या काचा बसवणाऱ्याकडे गेले. त्यानं सपाट काच करून दिली. पण डब्ब्याची भिंत किंचित वाकडी, कुठे बोटभर फट राहिली, कुठे काच चौकटीवर टेकली. भाऊजींनी एकेक स्क्रू आवळत ती बसवायला घेतली. मी काच धरून होतो. शेवटचा स्क्रू आवळताना बारीक आवाज झाला आणि माझ्या हातांत असलेल्या काचेचा साबुदाण्यासारखा चुरा होऊन तो माझ्या चपलांवर पडला. मी हात तसेच पुढे धरून उभा होतो, हातांत काही नसताना. ताई दारातून पाहत होती. ती म्हणाली, "वसंता, खाली ठेव आता." आम्ही तिघंही हसलो... पण दिवाळी झाली होती, मार्च जवळ येत होता, आणि ते तिघांच्याही डोक्यात होतं.

ताईची मुलगी मीनल बंगळूरला असते. तिनं परदेशात विचारणा केली. तशी खिडकी बनवणारे आता ती बनवत नाहीत, करून देतील, पण कित्येक महिने लागतील असं उत्तर आलं. तेवढे महिने आपल्याकडे आहेत का, हे फोनच्या या टोकाला आणि त्या टोकाला कोणीच कोणाला विचारलं नाही. "मागव," भाऊजी म्हणाले. मग दुसऱ्या दिवशी म्हणाले, "राहू दे." नंतर एका लाकडाच्या कारागिरानं फळी लावून बंद करून देतो म्हटलं, त्यावर ताई म्हणाली, की फळीच लावायची तर मला घरातलं कपाट काय वाईट आहे. त्या सगळ्या हिवाळ्यात डब्ब्याच्या भोकावर मेणकापड बांधलेलं होतं. वारा आला की ते फडफडायचं, आणि घरात झोपलेल्या ताईला त्याचा आवाज यायचा. मशीनची घरघर आणि मेणकापडाची फडफड. भाऊजी रोज सकाळी जाऊन त्याची दोरी आवळून यायचे.

फेब्रुवारी सरता सरता त्यांना उपाय सापडला. कारखान्यांच्या छपरात उजेडासाठी घालतात ते जाड, न फुटणारं, वाकवता येणारं पारदर्शक प्लास्टिक. भाऊजींनी ते मापाला कापलं, उन्हात तापवून भिंतीच्या वळणावर बसवलं. भोवती रबरी पट्टी, वर ठोकून पक्के केलेले रिव्हेटचे खिळे, आणि त्यावर सिलिकॉनची जाड काळी कड. बिजागरी त्यांनी काढूनच टाकली. सगळी गळती बिजागरीतून होते, हे त्यांचं म्हणणं. मी दुसरं टोक धरून होतो, आणि मलाही ते अगदी पटलं. धूळ नको, गार वारा नको, पाणी नको. आम्ही जे-जे नको होतं, ते सगळं बाहेर ठेवत होतो. काम झालं त्या सकाळी भाऊजींनी पाइप लावून खिडकीवर पाणी सोडलं, मला आत टॉर्च घेऊन बसवलं. मी कडेवर बोट फिरवत राहिलो. एक थेंब आला नाही. भाऊजींचा चेहरा इतका उजळला होता, की मला त्यांच्याकडे पाहवेना. त्यांनी ताईला हाक मारली. "अवं, पाहून तर घे."

ताई नळी ओढत आली. दारापासून प्लॉटपर्यंत नळी जेमतेम पुरली. तिनं खिडकीवर हात फिरवला, प्लास्टिकमधून आत डोकावून पाहिलं, काळ्या कडेवर नख लावून पाहिलं. मग म्हणाली, "चांगली झाली. उघडते कुठून?"

पाइपमधून पाणी वाहत होतं. ते बंद करायचं कोणाला सुचलं नाही. पावसाळ्यापासून आम्ही त्या खिडकीच्या मागे होतो; माप घेतलं, काच फोडली, साता समुद्रापलीकडे विचारून झालं, आणि खिडकी उघडावी लागते हे आम्हा दोघांपैकी एकालाही आठवलं नव्हतं. "उघडत नाई," भाऊजी म्हणाले. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती हसली. खरंच हसली, मनापासून, खोकला येईपर्यंत. खोकला थांबल्यावर तिनं भाऊजींच्या ओल्या बाहीला हात लावला आणि म्हणाली, की बरं झालं, आता पाणी तर नाही येणार. ती घरात गेल्यावरही भाऊजी तिथेच उभे होते. मी नळ बंद करायला गेलो.

उघडणारी खिडकी पुन्हा करायला वेळ नव्हता. मोह गळायला लागल्याचं गावाहून कळलं, आणि ताईची तब्येत अशी होती, की आज नाही तर नाहीच. ओळखीच्या माणसाची जीप, मागे डब्बा, आणि त्यामागे आमची गाडी, असे आम्ही सकाळी पारशिवनीच्या रस्त्याला लागलो. ताई मागच्या सीटवर, मांडीशी सिलेंडर. रस्ता वळला की पुढे चाललेल्या डब्ब्याच्या खिडकीवर ऊन चमकायचं, आणि ती ते पाहत होती. धुऱ्यावर पोचलो, डब्बा मोहाखाली लागला, खिडकी झाडाकडे करून. ताईला आत नेऊन झोपवलं. तिला झाड दिसत होतं, खाली पडलेली फुलं दिसत होती. मी बाहेर खिडकीखाली उभा होतो. आतून तिनं प्लास्टिकवर तळहात टेकला. मीही हात वर केला, आणि मग त्या हाताचं काय करावं ते मला कळेना.

थोड्याच वेळात तिचा जीव घाबरा झाला. दार होतं दुसऱ्या बाजूला, रस्त्याकडे. ते उघडं ठेवलं तरी वारा आरपार जायला वाट नव्हती, आणि येताना तो रस्त्याची धूळ घेऊन यायचा. तिला बाहेर आणून झाडाखाली बाजेवर बसवलं, तर ऊन चढल्यावर वावटळ आली आणि खोकल्यानं ती निळी पडली. पुन्हा आत. पुन्हा घुसमट. आत राहता येईना, बाहेर राहता येईना. चुलतभावाच्या बायकोनं ओंजळभर मोहफुलं आणली. ताईनं नाकातली नळी बाजूला केली आणि ओंजळीत तोंड घातलं. एवढंच जमलं. भाऊजींनी लगेच नळी परत बसवली.

मग भाऊजींनी जीपमधून छिन्नी काढली. खिडकीच्या काळ्या कडेवर ती लावून ते ठोकायला लागले. सिलिकॉन रबरासारखं दबायचं आणि परत वर यायचं. रिव्हेट हलेना. त्यांनी पान्हा लावला, पटाशी लावली, शेवटी खांद्यानं धक्के मारले. त्यांनी आयुष्यात जे-जे बंद केलं ते कधी उघडलं नव्हतं, आणि हीही उघडली नाही. आतून ताईनं प्लास्टिकवर बोटानं टकटक केली. "राहू द्या नं आता," ती आतून म्हणाली. प्लास्टिकमधून तिचा आवाज येत नव्हता, ओठांवरूनच कळलं. सिलेंडरचा काटा खाली चालला होता. दुपार टळायच्या आत आम्ही परत निघालो. दोन दिवस राहायचं ठरलं होतं. डबे, चादरी, चहाची पातेली, सगळं तसंच बांधलेलं परत आलं.

त्यानंतर ती अंथरुणातून फारशी उठली नाही. शेवटचं भेटलो तेव्हा तिला बोलायला एकेक शब्द मोजावा लागत होता, तरी माझ्या शर्टाचं बटण तुटलंय हे तिनं सांगितलंच. मी निघताना ती म्हणाली, "तुया भाऊजीले सांग, खिडकी चांगली झाली. त्यायले वाटून राहिलं, मी मनात ठेवलं." मी बाहेर येऊन भाऊजींना सांगितलं. ते नळी तपासत होते, वरपासून खालपर्यंत, बोटांनी. मला वाटलं होतं, निरोप पोचवला की त्यांना थोडं बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

तेरवी झाली, मीनल बंगळूरला परत गेली, घर मोकळं झालं. आता नवतपा, मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू आहे, आणि नंदनवनात प्रत्येक घराच्या खिडकीत कूलर घुमतो आहे. मी एक दिवसाआड भाऊजींकडे जातो. ते घरात नसतात, डब्ब्यात असतात. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा ते रिव्हेट ड्रिलनं पोखरून काढत होते. नंतर सायकलच्या ब्रेकची तार घेऊन सिलिकॉन कापायला लागले, रोज वीतभर. मी विचारलं, की आता काहून? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तारेचं एक टोक माझ्या हातात दिलं, आणि दुसरं स्वतः धरलं. आम्ही आलटून पालटून ओढत बसलो. आठवडाभरात खिडकी निघाली. अखंड, न फुटता. भाऊजींनी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि डब्ब्याला पुन्हा मोठं भोक पडलं, कडेला काळे धागे लोंबणारं. पाऊस आला की सगळं पाणी आत जाणार. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

परवा संध्याकाळी गेलो, तर डब्ब्यातून भांडी पडल्याचा आवाज येत होता. मी बाजेवर बसलो. वरून निंबोळ्या पडत होत्या. बऱ्याच वेळानं स्टोव्ह बंद झाला, आणि खिडकीच्या भोकातून भाऊजींचा हात बाहेर आला. भाऊजींनी जन्मात कधी चहा केला नव्हता. हातात कप होता, कपावर बशी पालथी घातलेली. मी उठून तो घेतला. हात आत गेला, आणि पुन्हा बाहेर आला. दुसरा कप, त्यावरही बशी. मी तिथेच उभा राहिलो. दुसरा कप नेहमी बाजेवर बसलेले भाऊजी घ्यायचे, आणि भाऊजी तर आत होते. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण हात तसाच थांबला, आत जाईना की पुढे येईना. बाजेवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. शेवटी मीच दुसरा हात पुढे केला आणि तो कप घेतला. मग दोन्ही हातांत दोन कप धरून मी त्या खिडकीखाली उभा राहिलो. चहा गरम होता, बोटं भाजत होती, आणि बशी काढायला हात उरला नव्हता.